धक्क्यावरच्या पिशवीचें कुळ

बंदराच्या धक्क्याखालीं, पाण्यांत बुडालेल्या खांबांवर, चामड्याच्या पिशवीसारखा एक जीव चिकटून राहिलेला आढळतो. त्यास डोकें नाहीं, हातपाय नाहींत. एका मुखानें पाणी आंत घ्यावें, त्यांतील सूक्ष्म अन्न गाळावें व दुसऱ्या मुखानें पाणी सोडून द्यावें, एवढाच त्याचा संसार. डिवचला असतां तो पिचकारी उडवितो. या अॅसिडियनला क्यूव्हिएसारख्या पंडितानें शिंपल्यांच्या गोतांत बसविलें, यांत नवल तें काय?

क्यूव्हिएनें १८१२ मध्यें प्राणिसृष्टीचे चार विभाग पाडले. त्यांमधील भिंती त्याच्या मतें अभेद्य होत्या. पृष्ठवंशी एका दालनांत, शिंपले दुसऱ्यांत, तारामासा तर पार पलीकडे. १८५९ मध्यें डार्विनच्या ग्रंथानें या भिंती हादरल्या खऱ्या. परंतु मासे, पक्षी व मनुष्य यांचा पूर्वज कोणत्या दालनांतून आला, याचें उत्तर त्यांत नव्हतें.

तें नेपल्सच्या किनाऱ्यावर सांपडलें. अलेक्झांडर कोवालेव्स्की या रशियन तरुणानें अॅसिडियनचीं अंडीं वाढतांना पाहिलीं आणि १८६६ मध्यें, वयाच्या पंचविशींत, आपलें निरीक्षण प्रसिद्ध केलें. अंड्यांतून बाहेर पडतें तें बेडूकमाशासारखें इवलें पोर! त्याच्या शेपटांत एक ताठ दांडी असते, तोच पृष्ठरज्जु. आणि त्याच्यावर पोकळ मज्जारज्जु. गर्भावस्थेंत मनुष्याच्या पाठींतहि हीच मांडणी असते. हें पोर थोडा काळ पोहतें, मग डोक्यानें खडकास चिकटतें, आणि शेपूट आंत शोषलें जातें. कुळाचा दाखला तें स्वतःच गिळून टाकतें म्हणा ना.

डार्विननें १८७१ च्या मानववंशावरील ग्रंथांत हा शोध आनंदानें उचलला. पण सस्तन प्राण्यांचें अंडें १८२७ मध्यें प्रथम ओळखणाऱ्या वृद्ध बेअरनें १८७३ मध्यें त्यास जोरदार विरोध केला. तो विरोध टिकला नाहीं.

याहून विलक्षण नातें निघालें तें तारामाशाचें. एक तरंगणारा डिंभ योहानेस म्यूलर यानें तारामाशाचा म्हणून वर्णिला होता. १८७० च्या सुमारास मेच्निकॉव्हनें दाखविलें कीं, त्यापासून बॅलॅनोग्लॉसस हा चिखलांतला किडा होतो. आणि या किड्याच्या घशाला माशाप्रमाणें कल्ल्यांच्या फटी असतात, हें कोवालेव्स्कीनेंच १८६६ मध्यें ओळखलें होतें. डिंभ तारामाशासारखा, घसा माशासारखा!

पृष्ठवंशीयांचा सर्वांत जवळचा आप्त मात्र दीर्घकाळ अँफिऑक्सस हा माशासारखा दिसणारा जीवच मानला जाई. २००६ मध्यें अनेक जनुकांची तुलना झाली, तेव्हां तो मान त्याच्याकडून निघून गेला, आणि धक्क्यावरच्या पिशवीच्या कुळाकडे आला.