वायफायच्या कुलपाची गोष्ट

नवा वायरलेस राऊटर बसवताना सेटिंगमध्ये सुरक्षेचा रकाना येतो. परवा त्यातली नावं वाचताना वाटलं, अरे, हा तर चक्क इतिहास आहे!

वायफायचं पहिलं प्रमाण १९९७ साली ठरलं, तेव्हाच 'वेप' नावाचं कुलूप आलं. २००१ मध्ये तीन संशोधकांनी त्यातला मूळचाच दोष दाखवून दिला. हवेतून जाणारी पुरेशी माहिती टिपली की किल्ली हाती! डागडुजी म्हणून २००३ मध्ये डब्ल्यूपीए आलं, २००४ मध्ये जास्त भक्कम डब्ल्यूपीए२ आणि २०१८ मध्ये डब्ल्यूपीए३.

पण कुलूप लावलंच नाही तर? २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं वृत्तवाहिन्यांना धमकीची ईमेल गेली होती. माग काढत पोलीस पोचले नवी मुंबईतल्या एका घरी. ज्याच्या नावावर कनेक्शन, त्याचा त्या ईमेलशी संबंधच नव्हता. त्याचं वायफाय दुसऱ्याच कुणी वापरलं होतं. पुढे जानेवारी २००९ मध्ये उघडी वायफाय शोधत मुंबई पोलीस रस्तोरस्ती फिरले.

चाळीत दारं दिवसभर सताड उघडी असायची, पण आत कोण आलं ते निदान दिसायचं. हवेतून येणारा दिसत नाही. तेव्हा मंडळी, डब्ल्यूपीए२ किंवा ३ निवडा आणि लांबलचक पासवर्ड ठेवा. पाहुण्यांना तो जरूर सांगा. कुलूप चोरासाठी असतं, पाहुण्यासाठी नव्हे!