बिस्मथ

धातुरूप मूलद्रव्य. अणुक्रमांक ८३, अणुभार २०८.९८, वितळबिंदू २७१° से.; घनता ९.७८ ग्रॅ./घ. सेंमी. आवर्त सारणीच्या १५ व्या गटात अँटिमनीच्या खाली याचे स्थान आहे. रंग रुपेरी पांढरा असून त्यावर गुलाबी झाक असते. पूर्वी याची शिशाशी गल्लत होत असे. ते स्वतंत्र असल्याचे १७५३ मध्ये क्लोद फ्रांस्वा झोफ्र्वा यांनी दाखवून दिले.

आढळ : बिस्मथिनाइट (सल्फाइड) व बिस्माइट (ऑक्साइड) ही याची प्रमुख खनिजे होत. मात्र बहुतेक उत्पादन शिसे, तांबे, कथिल व टंगस्टन मिळवताना उपपदार्थ म्हणून होते. वितळलेल्या अशुद्ध शिशात कॅल्शियम व मॅग्नेशियम घातल्यास बिस्मथ त्यांच्याशी संयोग पावून मळीच्या रूपात वर तरंगतो व काढून घेता येतो.

गुणधर्म : बिस्मथ ठिसूळ, उष्णतेचा मंद वाहक व तीव्र प्रतिचुंबकीय आहे. पाण्याप्रमाणे तो घट्ट होताना सु. ३.३ टक्के प्रसरण पावतो. त्याची +३ ही अवस्था स्थिर असते. +५ अवस्थेतील सोडियम बिस्मथेट प्रबळ ऑक्सिडीकारक आहे. नायट्रिक अम्लातील मँगॅनीज लवणाच्या फिकट विद्रावात ते घालताच परमँगॅनेट तयार होऊन विद्राव जांभळा होतो. मँगॅनीज ओळखण्याची ही नेहमीची परीक्षा आहे. बिस्मथ ट्रायक्लोराइडाचा अम्लीय विद्राव भरपूर पाण्यात ओतल्यास ऑक्सिक्लोराइडाचा पांढरा साका मिळतो.

उपयोग : निम्मा बिस्मथ असलेला वुड मिश्रधातू सु. ७०° से.ला, म्हणजे उकळत्या पाण्यापेक्षा बऱ्याच कमी तापमानाला वितळतो. असे मिश्रधातू आगप्रतिबंधक फवाऱ्यांच्या बुचांत वापरतात. ऑक्सिक्लोराइड सौंदर्यप्रसाधनांना मोत्यासारखी चकाकी देते, व्हॅनेडेट हे पिवळे रंगद्रव्य आहे, तर टेल्युराइड उष्माविद्युत उपकरणांत लागते. नळाच्या पितळेत व बंदुकीच्या छऱ्यांत शिशाऐवजी बिस्मथ वापरतात. सबसॅलिसिलेट अपचन व जुलाबावर, तर सबसायट्रेट प्रतिजैविकांच्या जोडीने जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूवर देतात.

विषारीपणा : शेजारच्या शिशाच्या मानाने बिस्मथ बराच सौम्य आहे, कारण त्याची बहुतेक संयुगे पाण्यात जवळजवळ अविद्राव्य असून आतड्यातून फारच थोडी शोषली जातात. औषध घेताना जीभ व मल काळे पडतात. हा काळेपणा गंधकाशी संयोग होऊन बनलेल्या सल्फाइडाचा असून तो निरुपद्रवी असतो. मात्र मोठ्या मात्रा दीर्घकाळ घेतल्यास मूत्रपिंडांना व मेंदूला इजा होते. १९७० च्या दशकात फ्रान्समध्ये अशी औषधे महिनोन्‌महिने घेणाऱ्या शेकडो रुग्णांना गोंधळलेपणा, स्नायूंचे झटके व तोल जाणे अशी लक्षणे झाली आणि काही दगावले. औषध थांबवल्यावर बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे झाले. म्हणून ही औषधे ठरावीक मात्रेत व थोड्या मुदतीपुरतीच घ्यावी लागतात. सबसॅलिसिलेटातील सॅलिसिलेटामुळे राय संलक्षणाचा धोका संभवत असल्याने फ्लू किंवा कांजिण्या झालेल्या मुलांना ते देत नाहीत.