मंडळी आणि विद्यापीठ

म्हैसूरच्या चामराजपुरम स्थानकावर उतरले, की महाराजा कॉलेजची वास्तू जवळच लागते. विद्यार्थ्यांनी गजबजलेल्या या भागात हिंडताना मनात येते : नाटक हा कॉलेजात शिकण्याचा विषय आहे काय?

आपल्या जुन्या नटांचे उत्तर ठाम असे. नाटक शिकावे ते मंडळीच्या बिऱ्हाडी राहून! विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीस 'सीतास्वयंवर' उभे केले, ते कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून. मराठी रंगभूमीला पहिला धडा असा कानडी मुलखाने दिला.

दुसरा धडाही तिकडूनच मिळतो. बी. व्ही. कारंत लहानपणी घरातून पळाले आणि गुब्बी वीरण्णांच्या नाटक कंपनीत शिरले. वीरण्णा कंपनीचे मालक. पण त्यांनीच या मुलाला एम्. ए. होण्यासाठी काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात धाडले. तेथे कारंतांना पंडित ओंकारनाथ ठाकुरांकडून गायनाची तालीमही मिळाली. पुढे ते दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकले आणि १९७७ साली तेथेच संचालक झाले. १९८९ मध्ये म्हैसूरला 'रंगायण' ही नाट्यसंस्था निघाली, तेव्हा तिची पहिली धुराही त्यांच्याकडेच आली. कंपनीतले संगीत त्यांच्या नाटकांतून नव्याने ऐकू आले.

श्रोतेहो, त्या जुन्या फिरत्या मंडळ्या बहुतेक मोडल्या. त्यांची विद्या पुढच्या पिढीच्या हाती द्यायची, तर तिला कुठेतरी घर हवे. ते घर विद्यापीठात मिळत असेल, तर नटाने तेथे जाण्यात कमीपणा कसला? वीरण्णांना तो वाटला नाही.