कोतवाल बुकातलं बाळ आणि काट्यावरचं बाळ

सुरुवातीला एक विनंती. ज्यांची कागदावरची जन्मतारीख १ जून आहे, त्यांनी जरा हात वर करा.

बघा, किती हात आले! एवढ्या सगळ्या आया खरंच एका दिवशी बाळंत झाल्या असत्या, तर पंचक्रोशीतल्या सुइणींचं काय झालं असतं? ही तारीख आईने दिलेली नाही, शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली आहे. इथून जवळच आळे गावात, ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले असं आपण मानतो, त्या रेड्याची समाधी आहे. तो रेडा कुठे विसावला हे आपण सातशे वर्षं सांगत आलो. आजी कधी जन्मली हे विचारलं, तर "दुष्काळाच्या आदल्या साली" एवढंच उत्तर मिळतं.

आता असंही नाही की आपल्याकडे नोंदीच नव्हत्या. गाव नमुना १४, म्हणजे आपण ज्याला कोतवाल बुक म्हणतो, त्यात जन्म आणि मृत्यू लिहिले जायचे. आज जातीच्या दाखल्यासाठी लोक तहसीलमध्ये त्याचीच जीर्ण पानं, त्यातली मोडी, उलगडत बसतात. अमक्याला मुलगा झाला. पुढे कधीतरी तोच माणूस तापाने वारला. दोन ओळी. मधल्या पन्नास-साठ वर्षांत तो काय जेवला, किती राबला, कशाने खंगला, ते कुठेच नाही. आणि जन्मलेलं बाळ किती वजनाचं होतं, तेही नाही.

वजनाचा मुद्दा आम्ही मुद्दाम काढतोय. इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायर नावाचा परगणा आहे. तिथे १९११ पासून परिचारिका घरोघर जाऊन बाळाचं जन्मावेळचं आणि वर्षाचं झाल्यावरचं वजन वहीत लिहीत. साउदॅम्प्टनच्या डेव्हिड बार्कर यांना या वह्या सापडल्या. त्यांनी त्या मृत्यूच्या नोंदींशी जोडल्या आणि १९८९ मध्ये मांडलं की कमी वजनाच्या बाळांमध्ये मोठेपणी हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण जास्त होतं. म्हणजे तीही वहीच, आपलीही वहीच. फरक एका रकान्याचा.

जुन्या वह्या शोधण्याऐवजी माणसांच्या मागेच राहायचं, हा दुसरा मार्ग. मार्च १९४६ मधल्या एका आठवड्यात ब्रिटनमध्ये जन्मलेल्या मुलांपैकी ५,३६२ जणांचा पाठपुरावा जेम्स डग्लस यांनी सुरू केला. घर कसं, बाप काय करतो, शाळा कुठली, पुढे रक्तदाब किती, सगळं. २०१६ मध्ये ती मंडळी सत्तरीची झाली, आणि पाठपुरावा चालूच होता.

आपल्याकडे हे झालं का? झालं, आणि ते पुणे जिल्ह्यातच. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागाने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये शहरापासून चाळीस-पन्नास किलोमीटरवरची सहा गावं निवडली. केईएमचं वढूचं ग्रामीण काम बानू कोयाजी यांनी त्याआधीच उभं केलं होतं, त्यामुळे रुग्णालयाला खेडं नवखं नव्हतं. बार्कर आणि कॅरोलिन फॉल हे साउदॅम्प्टनचे संशोधकही सोबत होते. पद्धत अशी की बाळाची वाट बघायची नाही, लग्न झालेल्या बाईपासून सुरुवात करायची. दर महिन्याला पाळीची तारीख विचारायची, दिवस गेल्याचं लवकर कळलं की आहार, काम, रक्त, सगळं मोजायचं. या बायांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास. शेतात राबायच्या, लांबून पाणी आणायच्या. त्यातही ज्यांच्या जेवणात पालेभाजी, फळं, दूध जास्त वेळा होतं, त्यांची बाळं मोठी निघाली.

बाळ जन्मलं की ७२ तासांच्या आत मोजायचं. हे कागदावर सोपं वाटतं. पण पहिलं बाळंतपण कुठे होतं आपल्याकडे? माहेरी! नोंद सासरच्या गावात आणि बाळ भलतीकडेच. मग काटा घेऊन तिथं जायचं. आम्हाला या अभ्यासाचं खरं मोल निम्मं त्या पायपिटीत दिसतं.

निष्कर्षाने मात्र भल्याभल्यांना चकित केलं. इथलं बाळ सरासरी २.७ किलो, साउदॅम्प्टनचं ३.५. आपलं बाळ सगळीकडूनच लहान असेल असं वाटलं होतं. पण पाठीवर, खांद्याच्या पात्याखाली चिमट्याने कातडीची घडी मोजली, तर तिथली चरबी बरीचशी टिकून होती. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, चरबी मात्र राखलेली. याला 'थिन-फॅट' बाळ म्हटलं गेलं. २००४ मध्ये याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना 'लॅन्सेट'मध्ये छापली. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा सारखाच, २२.३. चरबी मात्र एकाची ९.१ टक्के, एकाची २१.२. जास्त कुणाची, ते सांगायला नको.

मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा पुन्हा तपासली. ज्या आयांमध्ये गरोदरपणी बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त होती. अठराव्या वर्षी चित्र आणखी स्पष्ट झालं. अंगाने सडपातळ अशा या पोरांपैकी ३७ टक्के मुलग्यांची आणि १८ टक्के मुलींची साखर प्रमाणाबाहेर गेलेली होती. 'साखर शहरातल्या बसून खाणाऱ्यांना होते' असं आपण पारावर म्हणतो ना, ते इथेच मोडलं. बहात्तरच्या दुष्काळात आईच्या पोटात असलेली माणसं आज पन्नाशी ओलांडून आपल्यात बसलेली आहेत. त्यांच्या आया खडी फोडत होत्या, मिलो खात होत्या. त्या बाळांचं वजन कोतवाल बुकात नाही. त्यांना चाळिशीत गोळी सुरू झाली, तर डॉक्टर विचारतात, "गोड फार खाता का?" त्या प्रश्नात आईचं नावही येत नाही.

सहा गावांतली ती मुलं आता तिशीची आहेत. मध्यमवयाचा उंबरठा. त्यांच्यामागे राहायचं तर अडचण पुन्हा मुलींचीच. लग्न झालं की नाव बदलतं, आडनाव बदलतं, गाव बदलतं. मतदार यादीतून नाव जातं, रेशनकार्डातून जातं. मुलगा शोधायला घरी जावं, मुलगी शोधायला तिच्या आईला विचारावं लागतं.

२०१२ पासून याच पोरापोरींना, त्यांची स्वतःची मुलं व्हायच्या आधीच, बी-१२ देऊन पाहायचा प्रयोग सुरू झाला. काहींना नुसतं बी-१२, काहींना त्यासोबत इतर सूक्ष्म पोषकं, काहींना नुसती दिसायला तशीच गोळी. बी-१२ घेतलेल्या मुलींच्या बाळांच्या नाळेतल्या रक्तात ते वाढलेलं आढळलं. तिसरी पिढी काट्यावर आली ती अशी. आणि पहिलटकरीण अजूनही माहेरी येते. १९९४ साली ज्या रिवाजाने काटेवाल्यांना गावोगाव फिरवलं, तोच रिवाज आता लेकीला तिची नोंद असलेल्या गावात परत आणतो.