हापशाची गोष्ट

गावातल्या हापशावर आपण जन्मभर पाणी भरलं. पण हा हापसा एवढा टिकाऊ कसा झाला, त्याचीही एक गोष्ट आहे. आज ती ऐकू या.

1972 च्या दुष्काळात आपल्याकडे विहिरी आटल्या. त्या काळात यंत्राने खडक फोडून बोअर घेणं वाढलं. बोअरवर बिडाचे हातपंप बसवले जायचे. त्यांचा नमुना होता युरोप-अमेरिकेतला, एका शेतकरी कुटुंबाच्या अंगणातला. तिथे दिवसाला थोड्याच बादल्या निघायच्या. इथे मात्र पहाटेपासून अंधार पडेपर्यंत सगळा गाव रांगेत. मग सांधे झिजायचे, दांडा मोडायचा. 1974 च्या सुमारास युनिसेफने पाहणी केली, तेव्हा चारांतले जवळपास तीन पंप बंद निघाले. पंप बंद पडला की हंडा घेऊन लांब कोण जायचं, हे तुम्हाला सांगायला नको.

या दुखण्यावरचं औषध आपल्याच मुलखात सापडलं. जालना आणि सोलापूर इथल्या मिशनच्या कार्यशाळांत पंप दुरुस्त व्हायचे. नेमकं काय झिजतं, हे तिथल्या कारागिरांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी बिडाऐवजी पोलाद वापरलं आणि दांड्याच्या अनेक सांध्यांच्या जागी एकच आस बसवला. सोलापूरचा हा पंप टिकला. त्याच्यावरूनच सरकार, युनिसेफ आणि रिचर्डसन अँड क्रुडास कंपनी यांनी नवा पंप घडवला. तमिळनाडूत कोइमतूरकडच्या गावांत तो बसवून पारखला. हाच ‘इंडिया मार्क दोन’. पुढे तो आफ्रिकेतल्या देशांतही पोचला.

तरी एक अडचण राहिली. पंप बिघडला की सगळे पाइप वर ओढायचे. त्यासाठी माणसं हवीत, गाडी हवी, तालुक्याहून पथक यायला हवं. तोवर बायांनी काय करायचं? म्हणून 1980 च्या दशकात ‘मार्क तीन’ आला. त्याचा पाइप रुंद असतो. पाइप जागेवर ठेवून आतला दट्ट्या वर काढता येतो, म्हणजे दुरुस्ती गावातच होऊ शकते.

1990 च्या दशकात उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात महिला समाख्येच्या बायका हे काम शिकल्या. त्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण त्यांनी पाने हातात घेतले आणि बंद पंप चालू केले.

बायांनो, यातून एक गोष्ट धरून ठेवा. पहिला पंप बनवणारे हुशारच होते, पण तो कोण वापरणार आणि दिवसातून किती वेळा, हे त्यांनी पाहिलं नव्हतं. आज गावात नळयोजनेचे इंजिनिअर येतात, मोबाइलवरचं नवं काही शिकवणारी मुलं येतात. त्यांना चहा देऊन नुसत्या माना डोलवू नका. पाणी किती वाजता येतं, हंडा नळाखाली बसतो का, बिघडलं तर कुणाला बोलवायचं, हे बोला. काम सुरू होण्याआधी बोला, आणि गटाच्या वहीत लिहूनही ठेवा.