चाक सरळ कोण लावतं?

नवा टायर चार महिन्यांत आतल्या कडेनं गुळगुळीत झाला, की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरचा गाडीवाला एकच प्रश्न विचारतो: अलाइनमेंट नीट कोण करतं? या प्रश्नाला दोनशे वर्षं झाली.

दोनचाकी बैलगाडीला तो पडला नाही. दोन्ही चाकं एकाच कण्यावर. बैल वळले की गाडी वळली. चारचाकी घोडागाडीत पुढचा अख्खा कणा फिरायचा आणि अरुंद वळणावर गाडी कलंडायची भीती असे. म्युनिकच्या गेऑर्ग लांकेनस्पेर्गरनं पुढची दोन चाकं वेगवेगळी वळवायची युक्ती काढली. वळणावर आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं, म्हणून ते बाहेरच्यापेक्षा जास्त वळायला हवं. १८१८ मध्ये लंडनला याचं पेटंट घेतलं रुडॉल्फ अकरमान या प्रकाशकानं, आणि नाव त्याचंच राहिलं.

पण चाकं सुटी झाली, तशी प्रत्येकाला आपापली दिशा चुकवायची सोयही झाली. पावलं आत वळवून चालणारा माणूस आठवा. चाकाच्या अशा वळण्याला 'टो' म्हणतात. एका चाकाची दिशा अर्धा अंश चुकली, तर दर किलोमीटरला ते जवळपास ९ मीटर आडवं घासतं. बदलापूर ते कल्याण या १५ किलोमीटरमध्ये झाले सुमारे १३० मीटर. तुमच्या टायरचं रबर तिथं जातं.

आपल्या पट्ट्याला हातचं कामही ठाऊक आहे आणि मापही. महायुद्धातल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. ८ ऑगस्ट १९४९ ला तिचं उल्हासनगर झालं. हाती येईल त्यातून धंदा उभा करणारं हे गाव. शेजारी अंबरनाथला १९५३ मध्ये मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी सुरू झाली. तिथलं काम बारीक मापाचं. अलाइनमेंटला या दोन्ही सवयी लागतात.

पद्मिनीच्या जमान्यात मेकॅनिक गाडीच्या कडेनं दोरी ताणून माप घ्यायचा. आता चाकांवर पाट्या लागतात, समोरचे कॅमेरे कोन वाचतात, स्क्रीनवर लाल-हिरवे आकडे येतात. मशीन मात्र फक्त मोजतं. टाय रॉड फिरवायला माणूसच खाली उतरतो, आणि फसवणूक होते ती याच पायरीवर.

म्हणून गॅरेज निवडताना मशीनपेक्षा कामाचा क्रम बघा. आधी टायरची हवा, मग गाडी उचलून बॉल जॉइंट आणि टाय रॉडच्या टोकांचा प्ले. सांधे ढिले असतील तर आजचं माप पहिल्याच खड्ड्यात बदलेल. मग स्टिअरिंग सरळ धरून लॉक करणं. शेवटी आधीचे आणि नंतरचे आकडे असलेला प्रिंट. आणखी एक: ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल तर तो दोष बहुधा बॅलन्सिंगचा. गाडी एका बाजूला ओढत असेल, तर आधी हवा आणि टायर, मग अलाइनमेंट.

'सांधा ढिला आहे, आधी तो बदला, आज अलाइनमेंटचे पैसे घालवू नका,' असं सांगून गिऱ्हाईक परत पाठवणारा मेकॅनिक भेटला, तर त्याचा नंबर सेव्ह करा. टायर तर वाचेलच. पावसात ब्रेक दाबाल तेव्हा गाडीही सरळ थांबेल.