भुशाच्या कुळातला धूर

मिरजेच्या आमच्या घराच्या मागच्या पडवीत भुशाची शेगडी असायची. पत्र्याचा एक डबा, तळाशी बाजूला पाडलेलं भोक. आई एक बाटली डब्यात मधोमध उभी धरायची, दुसरी भोकातून आडवी सारायची आणि सुताराकडून पोत्यानं आणलेला भुसा भोवतीनं ठोकून ठोकून भरायची. मग दोन्ही बाटल्या हलक्या हातानं फिरवत काढून घ्यायची. आत भुशाचंच धुराडं तयार व्हायचं. खालून कागदाचा बोळा पेटवला की दोन-तीन तास संथ जाळ चाले, अंघोळीचं पाणी तापे. ठोकणं कमी पडलं तर आतली भिंत ढासळे, विस्तव कोंडे आणि पडवी धुरानं भरून जाई. भुसा हे सगळ्यांत स्वस्त जळण आणि सगळ्यांत हट्टीही. लाकडाचाच चुरा, पण त्याच्या ढिगात हवा शिरत नाही. आकार दिल्याशिवाय तो नीट जळत नाही, नुसता धुमसतो.

ती शेगडी मला आठवली अमेरिकेत, ऑरेगनात, हिल्सबरोतल्या घरामागे, पहिला पेलेट स्मोकर, म्हणजे मांस धुरावर शिजवायचं यंत्र, जोडून झाल्यावर. जळणाची पिशवी फोडली आणि मूठभर पेलेट हातावर घेतले. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, साधारण 6 मिलिमीटरच्या, चकचकीत तपकिरी कांड्या. गुरांना घालतात त्या गोळी पेंडीची बहीण शोभावी अशा. एक कांडी मोडली आणि नाकाशी नेली. भुसा! आईला बाटलीभोवती ठोकावा लागायचा तोच भुसा, इथे यंत्रानं ठोकलेला.

दुकानात सांगितलं होतं, बटण दाबा, तापमान ठरवा, झालं. सोबतच्या पुस्तिकेत मात्र सूचनांची रांग होती. पेलेट कोरडे ठेवा, झाकण सारखं उघडू नका, वीज एकदम तोडू नका, जाळाचं भांडं साफ केल्याशिवाय पेटवू नका. का, ते कुठेच नव्हतं. ती कारणं मला या यंत्राच्या कुळात सापडली, आणि ते कूळ मी राहतो त्याच मुलखातलं निघालं.

ऑरेगन म्हणजे लाकूड. डग्लस फरची आभाळाला भिडणारी झाडं आणि ती कापणाऱ्या गिरण्या. पण गोल ओंडक्यातून चौकोनी फळी काढायची म्हटलं की सालपट, कडा आणि भुसा यांचा ढीग उरणारच. गिरण्यांनी त्यावर एकच उपाय शोधला होता: जाळून टाकणं. गिरणीशेजारी पत्र्याचा प्रचंड शंकू उभा असायचा, वरच्या तोंडाला ठिणग्या अडवणारी जाळी. त्याच्या आकारावरून त्याला विगवॅम बर्नर म्हणत. भुसा त्यात रात्रंदिवस जळे आणि त्या आचेवर कुणाचं पाणीसुद्धा तापत नसे. 1970च्या सुमारास हवेच्या शुद्धतेचे नियम कडक झाले आणि हे शंकू विझत गेले. गंजलेले काही सांगाडे अजून गावांच्या कडेला दिसतात. मी गाडी थांबवून पाहतो. इतकं जळण नुसतं आकाशात गेलं, या विचारानं अजून हळहळ वाटते.

सगळ्यांनीच ते जाऊ दिलं असं नाही. ऑरेगन विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ ऑरिन स्टॅफर्ड यांनी लाकडाच्या टाकाऊ चुऱ्यापासून कोळशाच्या वड्या करायची रीत काढली. मोटारींच्या लाकडी भागांमुळे हेन्री फोर्ड यांच्याकडे लाकडाचा चुरा साठत होता. त्यांनी ती रीत उचलून 1920च्या दशकात मिशिगनमध्ये वड्यांचा कारखाना काढला. अमेरिकेच्या अंगणांतली कोळशाची ग्रिल त्या वड्यांवर पोसली गेली. त्यानंतरच्या दशकात शेजारच्या आयडाहोत, लुइस्टनच्या गिरणीत रॉबर्ट बोलिंग यांनी भुसा दाबून ओंडके पाडणारं यंत्र बनवलं. प्रेस्टो-लॉग नावाच्या त्या ओंडक्यात डिंक नव्हता, सरस नव्हता. दाब आणि घर्षणानं भुसा तापला की लाकडातलंच लिग्निन मऊ होतं, कणाकणांना चिकटवतं आणि गार झाल्यावर घट्ट बसतं. पेलेटचा चकचकीतपणा त्याच लिग्निनचा. आपल्याकडे उसाचं पाचट आणि भुईमुगाची टरफलं दाबून बॉयलरसाठी पांढरा कोळसा करतात, तो याच भावकीतला.

ओंडक्याची कांडी झाली ती तेलामुळे. 1973 साली अरब देशांनी तेल रोखलं, भाव भडकले आणि अमेरिकेतली घरं थंडीत कशी ऊबदार ठेवायची हा प्रश्न उभा राहिला. जनावरांच्या खाद्याच्या गोळ्या पाडणारी यंत्रं तोवर जुनी झाली होती. पोलादी जात्याच्या भोकांतून भरडा दाबून काढायचा, ही त्यांची रीत. त्याच रीतीनं लाकडाच्या कांड्या पाडायला सुरुवात झाली. रुडॉल्फ गनरमन यांना अशा जळणाचं पेटंट 1977 साली मिळालं. कांड्या आल्या, पण त्या जाळायला घरगुती साधन हवं होतं. शेजारच्या वॉशिंग्टन राज्यात, विमानांच्या धंद्यात काम केलेले इंजिनिअर जेरी व्हिटफिल्ड यांनी 1980च्या दशकाच्या सुरुवातीला दिवाणखान्यात ठेवता येईल असा पेलेटचा स्टोव्ह बनवला.

ही झाली आईकडची बाजू, भुशाची. बापाकडून या यंत्राला आलं मळसूत्र. इथल्याच पोर्टलंड शहरात 1920च्या दशकात आयर्न फायरमन नावाची कंपनी निघाली. तळघरातल्या भट्टीला कोळसा घालायला माणूस लागू नये म्हणून तिनं एका नळीत लोखंडी मळसूत्र बसवलं. ते फिरलं की पेटीतला कोळसा हळूहळू पुढे सरके, पंखा वारा घाली आणि खोलीतलं तापमान पाहून सगळं आपोआप चालूबंद होई. तिच्या संस्थापकांपैकी हॅरी बॅनफिल्ड यांचं नाव पोर्टलंडच्या एका महामार्गाला आहे. त्या रस्त्यानं मी वर्षानुवर्षं गेलो, आणि ते नाव भट्टीवाल्याचं आहे याचा मला पत्ता नव्हता. माझ्या अंगणातल्या स्मोकरमध्ये मला हाच पूर्वज दिसतो: पेटी, मळसूत्र, पंखा, तापमापक. कोळशाच्या जागी फक्त भुशाची कांडी.

दोन्ही बाजू एका अंगणात भेटल्या त्या माउंट एंजल गावी. विलमेट खोऱ्यातलं हे लहानसं गाव जर्मन वळणाचं, तिथला ऑक्टोबरफेस्ट 1966 पासून भरतो. गावातल्या ट्रेगर घराण्याचा धंदा घरं तापवणाऱ्या भट्ट्यांचा. कथा अशी सांगतात की 4 जुलैच्या सुट्टीला जो ट्रेगर कोंबडी भाजत होते, क्षणभर आत गेले आणि बाहेर येऊन पाहतात तर गॅसची ग्रिल पेटलेली. माणूस भट्टीवाला. त्यांच्या मनात आलं की घर तापवायला पेलेट एका चालीनं जळतात, तर कोंबडी का भाजणार नाहीत? 1985च्या सुमारास पहिला नमुना उभा राहिला आणि त्या दशकाच्या अखेरीस विक्री सुरू झाली. आडवं पिंप, बाजूला पेलेटची पेटी, दुसऱ्या टोकाला धुराडं. पुढची वीसेक वर्षं पेटंटमुळे हे यंत्र जवळजवळ एकाच घराण्याचं राहिलं. 2006 साली पेटंटची मुदत संपली आणि मग दुकानांत इतरांच्या यंत्रांची रांगच लागली.

त्यामुळे माझं मत पक्कं झालं आहे: हे चुलीचं लेकरू नाही, भट्टीचं आहे. पहिल्यांदा घेणाऱ्याची फसगत इथेच होते. धुराचा वास आणि मांसाची चव बघून तो त्याला चूल समजतो, आणि चुलीशी वागावं तसं वागतो.

चुलीशी आई कशी वागायची ते आठवा. लाकूड पुढे सारलं की जाळ वाढतो, मागे ओढलं की मंदावतो. विझायला आलं की फुंकणी. स्मोकरमध्ये सारणारा हात म्हणजे मळसूत्र, फुंकणी म्हणजे पंखा आणि आईची नजर म्हणजे आतला तापमापक. जुन्या यंत्रांवर मंद, मध्यम, जोरात एवढ्या तीनच खुणा असायच्या. बाहेर बर्फ असो की ऊन, मळसूत्र ठरल्याप्रमाणे काही सेकंद फिरे आणि मग थांबे. आताची यंत्रं क्षणोक्षणी तापमान मोजून मळसूत्राची चाल बदलतात. पण नजर त्या एका तापमापकापुरतीच. तुम्ही कौतुकानं झाकण उघडता, गार हवा आत शिरते, यंत्राला वाटतं जाळ पडला, आणि ते कांड्यांवर कांड्या लोटतं. झाकण लावल्यावर त्या सगळ्या एकदम पेटतात. आईला कळलं असतं की नुसतं दार उघडलंय. यंत्राला ते कळत नाही, म्हणून झाकण उघडायचं नाही.

वीज एकदम तोडायची नाही, तेही त्याचसाठी. बंद करताना पंखा आणखी काही मिनिटं फिरतो आणि भांड्यात उरलेल्या कांड्या जाळून टाकतो. तो मध्येच थांबला तर विस्तव मळसूत्राच्या नळीतून उलटा पेटीकडे सरकू शकतो. आणि पेटलं नाही म्हणून पुन्हा बटण दाबायच्या आधी गार झालेलं भांडं रिकामं करायचं. तिथे साचलेला ढीग धुमसून दाट पांढरा धूर कोंडतो, आणि तो धूर पेटला तर झाकण उडेल इतका भडका होतो.

कोरडेपणाचा धडा मला पहिल्याच पावसाळ्यात मिळाला. इथला पाऊस ऑक्टोबरपासून रिपरिप लावतो. पेटी भरलेली ठेवून मी दोन आठवडे यंत्राकडे पाहिलं नाही. दमट हवेनं पेलेट फुगले, विरघळले आणि परत भुसा झाले. नळीत तो इतका घट्ट बसला की मळसूत्र जागचं हलेना. शनिवारची दुपार ते खोलून, गजानं टोकरून काढण्यात गेली. हातात आलेला तो ओला, गच्च गोळा पाहून वाटलं, कारखान्यात दाबून आकार दिलेला भुसा पाण्याच्या एका स्पर्शानं आपल्या मूळ हट्टी रूपात परत जातो. तेव्हापासून पिशवी घरात, झाकणाच्या बादलीत. काम झालं की पेटीही रिकामी.

जळण कुठलं, याचंही उत्तर कुळातच आहे. घर तापवायचे पेलेट बहुधा फर-पाइनच्या भुशाचे; त्यात राळ असते, स्वयंपाकात ते वापरायचे नाहीत. खाण्यासाठी कठीण लाकूड: ओक, हिकरी, सफरचंद, चेरी. या किनाऱ्याच्या मूळ रहिवाशांनी पिढ्यान्‌पिढ्या साल्मन मासा आल्डरच्या धुरावर राखला. आल्डरच्या पेलेटवर साल्मन केला की त्या जुन्या धुराची जवळीक वाटते. बार्बेक्यू हा शब्दही असाच मूळ रहिवाशांचा. कॅरिबियन बेटांवरचे तायनो लोक काठ्यांच्या मचाणाला जे म्हणत, त्याचं स्पॅनिशांनी बार्बाकोआ केलं.

सुरुवात कशानं करावी? आधी यंत्र रिकामंच तासभर तापवावं, कारखान्याचं तेल-वंगण जळून जाऊ द्यावं. मग कोंबडीच्या तंगड्या. पेटवल्यावरचा दाट पांढरा धूर विरून फिकट निळा झाला की त्या ठेवाव्यात. आत खुपसायचा तापमापक घ्यावाच. कोंबडीनं आतून 74 अंश सेल्सिअस गाठले की ती सुरक्षित झाली, तंगडी थोडी पुढे गेली तर आणखी मऊ लागते. मोठा तुकडा, म्हणजे डुकराचा खांदा, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला. यंत्र 110 अंशांच्या आसपास ठेवलं तर त्याला दहा-बारा तासही लागतात, आणि 65-70 अंशांवर आतलं तापमान तासन्‌तास अडून बसतं. घाबरून आच वाढवू नये. मांसाला घाम सुटलेला असतो आणि तो उडताना मांस गार ठेवतो, मातीच्या माठातल्या पाण्यासारखं. तो आटला की तापमान पुन्हा चढू लागतं.

एक गोष्ट मात्र याच्याकडून मागू नये. भरताच्या हौसेनं मी वांगं ठेवलं होतं. तासाभरानं ते सुरकुतून मऊ झालं, धुराचा हलका वासही लागला, पण साल करपली नाही. जाळ आणि वांगं यांच्या मध्ये पोलादी पत्रा असतो, त्याला झळ लागतच नाही. भरताला थेट आच हवी. वालाच्या शेंगांच्या पोपटीचं मडकं भोवतीच्या जाळात भाजलं तरी त्यातल्या शेंगांना जी झळ बसते, तीही इथे नाही. लाकडाच्या ढलप्यांवर रात्रभर जागणारे जुने लोक म्हणतात, पेलेटचा धूर सौम्य. खरंच आहे ते. लहान, कोरडा, भरपूर वारा मिळणारा जाळ धूर कमीच करतो. घर तापवणाऱ्या भट्टीला तेच तर हवं होतं. धूर जास्त हवा असेल तर पहिले दोन तास आच अगदी मंद ठेवावी आणि मांस फ्रिजमधून काढून थंडच ठेवावं. थंड, ओलसर अंगावर धूर चांगला बसतो.

रात्री उशिरा पंखा थांबतो. सकाळी भांडं पुरतं गार झालं की मी राख काढतो. पाच-सहा किलो भुसा जळून उरलेली मऊ, फिकट करडी, मूठ-दीड मूठ. चिमटीत धरली की बोटांना जाणवते ती तशीच असते, मिरजेच्या पडवीत आई भांडी घासायला डब्याच्या तळातून खरवडून घ्यायची तशी.